डावा लाल, उजवा हिरवा : पाण्यावर वाट कोणी कोणाला द्यायची?



आज आपण बोटीच्या बाजू, बोटीवरचे दिवे आणि पाण्यावरच्या वाटेचे नियम यांविषयी बोलणार आहोत. विषय पुरुषांचा वाटेल. 'बोट चालवतात तांडेल आणि खलाशी, आपल्याला काय करायचंय?' असं आम्हीही म्हणत होतो. पण आमच्याच गटातल्या दोघी जावांवर एक प्रसंग आला आणि आमचे डोळे उघडले.

गेल्या कार्तिकातली गोष्ट. दोघी खाडीपलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर तिसऱ्या काढायला गेल्या होत्या. त्या दिवशी ओहोटी उशिराची होती. टोपल्या भरेपर्यंत सूर्य बुडाला. लहानशी वल्ह्यांची होडी. धाकटी वल्हवत होती, थोरली टोपल्या धरून बसली होती. खाडीच्या मधोमध आल्या तेव्हा वळणावरून एक प्रवासी लाँच आली. तिचा वरचा पांढरा दिवा दिसला, त्याखाली एक लाल आणि एक हिरवा. थोरली आम्हाला नंतर म्हणाली, "तिन्ही दिवे असे नीट दिसत होते, की मी बघतच राहिले." लाल आणि हिरवा एकाच वेळी दिसणं म्हणजे ती बोट थेट आपल्याच अंगावर येत आहे, हे दोघींना ठाऊक नव्हतं. बॅटरी त्यांच्याकडे होती, पण भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्याच्या तळाशी ठेवलेली.

लाँचच्या तांडेलाला होडी दिसली ती अगदी जवळ आल्यावर. त्याने सुकाणू फिरवलं आणि धडक टळली. पण लाँचच्या लाटेने होडी निम्मी भरली, टोपल्या पाण्यात गेल्या. तिसऱ्या गेल्या, जीव राहिले.

दुसऱ्या दिवशी धक्क्यावर भांडण. तांडेल म्हणाला, "काळोखात दिव्याशिवाय फिरता, मला स्वप्न पडणार आहे का?" आमच्या जावा म्हणाल्या, "आम्ही वल्ह्यावर, तू इंजिनावर. मोठ्याने लहानाला वाट द्यायला नको?" चूक कोणाची, यावर अख्ख्या वाडीत दोन तट पडले. मग आम्ही सगळ्याजणी वाडीतल्या एका म्हाताऱ्या तांडेलमामांकडे गेलो. चाळीस वर्षं त्यांनी बोट चालवली आहे. त्यांच्या ओटीवर बसून चार संध्याकाळी जे शिकलो, आणि नंतर नियमांच्या पुस्तकाशी ताडून पाहिलं, ते आज तुम्हाला सांगतो. भांडणाचा निकाल शेवटी देऊ.

बोटीची डावी, बोटीची उजवी

पहिली गोष्ट बाजूंची. बोटीत दोघी समोरासमोर बसल्या तर एकीची उजवी ती दुसरीची डावी. गडबडीच्या वेळी 'उजवीकडे घे' म्हटलं तर कोणाची उजवी? म्हणून बोटीच्या बाजू माणसावरून ठरत नाहीत, बोटीवरून ठरतात. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभं राहा. तुमच्या डाव्या हाताला येते ती बोटीची डावी बाजू, उजव्या हाताला ती उजवी. मग तुम्ही पाठ फिरवून बसा नाहीतर आडव्या झोपा, बाजू बदलत नाही.

मोठ्या जहाजांवर नोकरीला असलेली आपली मुलं डाव्या बाजूला 'पोर्ट' आणि उजव्या बाजूला 'स्टारबोर्ड' म्हणतात. हे शब्द आले कुठून? युरोपात जुन्या काळी जहाजाचं सुकाणू मागे मधोमध नसे. उजव्या अंगाला एक मोठं वल्हं लावून त्याने जहाज वळवत. ती सुकाणूची बाजू म्हणजे स्टारबोर्ड. हे वल्हं धक्क्यावर आपटून मोडू नये म्हणून जहाज धक्क्याला लावताना डावी बाजू लावत. ती बंदराकडची बाजू, म्हणून पोर्ट. आधी डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणत. वाऱ्यात 'लारबोर्ड' आणि 'स्टारबोर्ड' सारखेच ऐकू येत आणि घोटाळे होत, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ साली 'लारबोर्ड' बंद करून 'पोर्ट' हाच शब्द वापरायचा हुकूम काढला.

आता रंग. डाव्या बाजूला लाल दिवा, उजव्या बाजूला हिरवा. हे जगभर एकच आहे. लक्षात ठेवायला आमच्या गटातल्या एकीने युक्ती काढली : काळीज डावीकडे, काळजात रक्त, रक्त लाल. आणि उजव्या हातात हिरव्या बांगड्या. आमच्यातली पाच वर्षांची नातसुद्धा आता चुकत नाही.

कुठला दिवा कुठून दिसतो

हे दिवे घरातल्या दिव्यासारखे चारी बाजूंना उजेड टाकत नाहीत. सगळी खुबी त्यातच आहे. तुम्ही स्वतःच बोट आहात असं समजा. नाक म्हणजे नाळ. उजवा हिरवा दिवा नाकासमोरून सुरू होऊन उजव्या कानाच्या थोडं मागेपर्यंत दिसतो. डावा लाल दिवा तसाच नाकापासून डाव्या कानाच्या थोडं मागेपर्यंत. प्रत्येकाचा टप्पा ११२.५ अंशांचा. उरलेला पाठीमागचा १३५ अंशांचा भाग पांढऱ्या दिव्याचा. तो फक्त मागून येणाऱ्याला दिसतो. बेरीज करून बघा, बरोबर ३६० होतात. म्हणजे बोटीच्या भोवती कुठेही असा, यातला एक तरी दिवा तुम्हाला दिसतोच, आणि कुठला दिसतो त्यावरून ती बोट कुठे तोंड करून आहे ते कळतं.

याशिवाय इंजिनाच्या बोटीला डोलकाठीवर उंच एक पांढरा दिवा असतो. तो समोरून आणि दोन्ही बाजूंनी दिसतो, मागून दिसत नाही. १२ मीटरपेक्षा लहान बोटीला सवलत आहे : वरचा आणि मागचा असे दोन पांढरे दिवे न लावता चारी बाजूंनी दिसणारा एकच पांढरा दिवा, आणि सोबत लाल-हिरवा, एवढं चालतं. ५० मीटर किंवा त्याहून लांब जहाजाला दोन उंच पांढरे दिवे असतात, पुढचा खाली आणि मागचा त्याहून वर.

सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत हे दिवे लावायचेच. धुकं किंवा जोराचा पाऊस असेल तर दिवसासुद्धा.

मग काळोखात दिवे असे वाचायचे :

लाल आणि हिरवा दोन्ही दिसले, तर बोट थेट आपल्याकडे येते आहे. मोठ्या जहाजाचे दोन पांढरे दिवे एकावर एक सरळ रेषेत दिसले, तरी अर्थ तोच.

फक्त लाल दिसला, तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. ती आपल्या उजवीकडून डावीकडे चालली आहे.

फक्त हिरवा दिसला, तर तिची उजवी बाजू आपल्याकडे आहे. ती आपल्या डावीकडून उजवीकडे चालली आहे.

फक्त पांढरा दिसला, तर तीन शक्यता. बोटीची पाठ आपल्याकडे आहे, किंवा ती नांगरून उभी आहे, किंवा ती बॅटरी दाखवणारी वल्ह्यांची होडी आहे. तिन्हीत धक्का देणारे आपणच ठरू शकतो. म्हणून पांढऱ्या दिव्याजवळ जाताना वेग कमी.

दोन बोटी समोरासमोर आल्या तर

जगातल्या बहुतेक देशांनी मिळून समुद्रावर टक्कर टाळण्याचे नियम १९७२ साली ठरवले आणि ते १९७७ पासून लागू झाले. आपल्या देशातही तेच चालतात. यातले तीन प्रसंग प्रत्येकीला ठाऊक हवेत.

पहिला, समोरासमोर. इंजिनाच्या दोन बोटी नाकासमोर नाक अशा येत असतील, तर दोघींनी आपापल्या उजवीकडे वळायचं. म्हणजे जाताना डावी बाजू डाव्या बाजूजवळून, लाल दिवा लाल दिव्याजवळून जातो. इथे आपल्याकडच्या माणसाची गल्लत होते, कारण आपण रस्त्यावर डावीकडून चालतो आणि समोरच्या गाडीला आपली उजवी बाजू देतो. पाण्यावर उलट आहे. स्कूटर चालवणाऱ्या पोराच्या हातात पहिल्यांदा बोटीचं सुकाणू दिलं, की तो सवयीने डावीकडे वळवतो. एकाने डावीकडे आणि दुसऱ्याने उजवीकडे वळवलं, की दोघे एकाच जागी येतात. १९५६ साली अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ धुक्यात 'आंद्रेआ दोरिया' आणि 'स्टॉकहोम' ही दोन मोठी प्रवासी जहाजं अशीच आदळली. दोघांनाही रडारवर एकमेकांचा पत्ता लागला होता. एक डावीकडे वळलं, दुसरं उजवीकडे. पन्नासाहून अधिक माणसं गेली आणि 'आंद्रेआ दोरिया' दुसऱ्या दिवशी बुडालं.

दुसरा प्रसंग, वाटा एकमेकींना छेदत असतील तेव्हा. इंजिनाच्या दोन बोटी तिरक्या किंवा आडव्या येत आहेत. ज्या बोटीच्या उजव्या हाताला दुसरी बोट असेल, तिने वाट द्यायची. आणि वाट देताना तिच्या नाळेपुढून घुसायचं नाही. वेग कमी करायचा, थांबायचं किंवा तिच्या मागून जायचं. दिव्यांची करामत इथे कळते. उजवीकडून येणाऱ्या बोटीचा आपल्याला लाल दिवा दिसतो : थांब. डावीकडून येणाऱ्या बोटीचा हिरवा दिसतो : तू आपल्या वाटेने चल, मी तुला वाट देते. चौकातल्या सिग्नलसारखंच झालं की नाही?

तिसरा प्रसंग, मागून पुढे जाणं. जी मागून येऊन पुढे जाते, तिनेच बाजूने जायचं, मग ती डावीकडून जावो की उजवीकडून. लहान असो, मोठी असो, शिडाची असो. आणि अर्धी पुढे गेल्यावर 'आता मी उजवीकडे आहे, तू वाट दे' असं म्हणता येत नाही. पूर्ण पुढे जाऊन मोकळी होईपर्यंत जबाबदारी तिचीच.

हक्क म्हणू नका

आम्ही मामांना विचारलं, "मग ज्या बोटीला वाट मिळते तिचा हक्कच की नाही?" मामा म्हणाले, "पोरींनो, पाण्यावर हक्क म्हणून गेला तो हक्कासकट बुडाला."

नियमांनी दोघींना कामं वाटून दिली आहेत. एकीने वाट द्यायची. ती लवकर द्यायची आणि समोरच्याला स्पष्ट कळेल इतकं मोठं वळण घेऊन द्यायची. जरा जरा सुकाणू हलवलं तर काळोखात समोरच्याला काही समजत नाही. दुसरीने आपली दिशा आणि वेग तसाच धरून ठेवायचा, कारण तीही वळवळू लागली तर पहिलीने कुठून जायचं? पण समोरची वाट देतच नाही असं दिसलं, तर दुसरीनेही हालचाल करायची. आणि एकीच्या हालचालीने टक्कर टळणार नाही इतकी वेळ आली, तर 'माझा नंबर आहे' म्हणून बसून राहणं हाच नियमभंग. फक्त अशा वेळी डावीकडून येणाऱ्या बोटीसाठी आपण डावीकडे वळू नये, कारण ती आपल्यासाठी तिच्या उजवीकडे वळत असते.

इंजिनाच्या बोटीने आणखी कोणाकोणाला वाट द्यायची त्याची यादी आहे : जिचं यंत्र किंवा सुकाणू बिघडलं आहे, जी कामामुळे वळू शकत नाही, जी मासेमारी करते आहे आणि जी शिडावर चालली आहे. इथे दोन गोष्टी नीट ऐका. 'मासेमारी करते आहे' म्हणजे जाळं किंवा दोर पाण्यात आहे आणि त्यामुळे तिला चटकन वळता येत नाही. मासळी भरून घरी निघालेली बोट या यादीत बसत नाही, ती साधी इंजिनाची बोट. दुसरं, खाडीच्या किंवा बंदराच्या अरुंद वाटेत मासेमारी करणाऱ्या बोटीने इतरांची वाट अडवायची नाही. तिथे तिचा मान चालत नाही.

मासेमारी चालू असल्याची खूण रात्री दिव्यांनीच दाखवतात. चारी बाजूंनी दिसणारे दोन दिवे एकावर एक. वर हिरवा आणि खाली पांढरा म्हणजे ट्रॉलर जाळं ओढतो आहे. वर लाल आणि खाली पांढरा म्हणजे दुसऱ्या प्रकारची जाळी किंवा दोर टाकलेले आहेत. ते १५० मीटरपेक्षा लांब पसरले असतील तर त्या दिशेला आणखी एक पांढरा दिवा असतो. त्या बाजूने जाऊ नये. एकावर एक दोन लाल दिवे म्हणजे बोट हाताबाहेर गेली आहे, तिच्यापासून दूर राहा.

आणि आता आपल्या जावांचा मुद्दा. या यादीत वल्ह्यांच्या होडीचं नावच नाही. वल्हवणाऱ्याला सांभाळून घ्यावं हे शहाणपण प्रत्येक तांडेलाला हवं, पण 'वल्ह्याला सगळे वाट देतात' असा नियम नाही. उलट अरुंद वाटेत २० मीटरपेक्षा लहान बोटीने आणि शिडाच्या होडीने, ज्या मोठ्या बोटीला त्या खोल पट्ट्याबाहेर जाताच येत नाही, तिची वाट अडवू नये असं सांगितलं आहे. मोठी बोट उथळात गेली तर रुतेल. आपली होडी गुडघाभर पाण्यातूनही जाते. मग मधोमध कशाला जायचं? खाडीत आपल्या उजव्या काठाने जायचं, आणि खोल पट्टा ओलांडायचा तर दोन्हीकडे बघून, सरळ आडवं, पटकन.

वल्ह्यांच्या होडीला लाल-हिरवे दिवे सक्तीचे नाहीत. पण पांढऱ्या उजेडाची बॅटरी किंवा कंदील हाताशी तयार हवा आणि टक्कर टळेल इतक्या आधी तो दाखवायला हवा, असा नियम स्पष्ट आहे. 'हाताशी' हा शब्द महत्त्वाचा. डब्याच्या तळाशी नव्हे.

टक्कर होणार हे आधी कसं कळतं?

मामांनी शिकवलेली ही सगळ्यात कामाची गोष्ट. तुम्ही बोटीत एका जागी बसा. दूरची बोट तुमच्या बोटीच्या कुठल्या खांबाच्या किंवा खिडकीच्या रेषेत दिसते ते बघा. जरा वेळाने पुन्हा बघा. ती खांबाच्या पुढे सरकली तर ती आपल्या पुढून जाईल. मागे सरकली तर मागून जाईल. आणि त्याच खांबाच्या रेषेत राहून ती नुसती मोठी मोठी होत गेली, तर टक्कर ठरलेली आहे, कोणीतरी वळलंच पाहिजे. फक्त हे बघताना आपली बोट सरळ चाललेली हवी.

वेळ किती मिळतो? लहान बोटीचा लाल किंवा हिरवा दिवा निदान एक सागरी मैलावरून दिसावा असं ठरलेलं आहे. सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. दोन बोटी प्रत्येकी ताशी १० मैलांच्या वेगाने समोरासमोर आल्या तर हे अंतर तीन मिनिटांत संपतं. चुलीवर चहाला आधण येईपर्यंत सगळं होऊन जातं.

मोठ्या जहाजाचं आणखी वेगळं. त्याची सुकाणूची खोली उंच आणि बहुधा मागच्या बाजूला असते. नाळेपुढचा ५०० मीटरपर्यंतचा पाण्याचा पट्टा तिथून झाकलेला असू शकतो, तेवढी मुभा नियमातच आहे. म्हणजे आपल्याला ते डोंगरासारखं दिसत असतं तेव्हा त्यांना आपण दिसतच नसू. आणि इंजिन थांबवलं तरी ते लगेच थांबत नाही. एप्रिल २०२१ मध्ये मंगळूरच्या समोर खोल समुद्रात मध्यरात्रीनंतर एका मालवाहू जहाजाची आणि मासेमारी बोटीची टक्कर झाली. बोटीवर १४ जण होते. जिवंत सापडले दोघेच. आपले लोक जाळं टाकून रात्री डोळा लावतात. बोटीवर सगळे झोपले आणि कोणीच जागं नाही, असं कधीही होता कामा नये. डोळ्याने आणि कानाने सतत पहारा ठेवणं हा नियम सगळ्या बोटींना आहे, लहानमोठ्या सगळ्या. रात्री फोनवर बोलताना आपण 'जेवलात का?' विचारतो. त्याच्या जोडीला 'आज पहाऱ्यावर कोण?' हेही विचारू या.

भोंग्याची भाषा

दिवस असो की रात्र, भोंगा ओळखीचा करून घ्या. एक छोटा भोंगा : मी उजवीकडे वळते. दोन छोटे : मी डावीकडे वळते. तीन छोटे : माझं इंजिन उलटं फिरतं आहे. पाच किंवा जास्त छोटे, भराभर : तुझं काय चाललंय मला कळत नाही, सांभाळ. धक्क्यावर बसून आपण पाच भोंगे ऐकले की 'काय हा गोंगाट' म्हणतो, पण तो सावध करण्यासाठी असतो. धुक्यात चालती इंजिनाची बोट दर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा देते. पहाटे खाडीत धुकं असेल आणि असा भोंगा ऐकू आला, तर वल्हवणाऱ्या बाईनेही डबा बडवून, शिट्टी वाजवून आवाज करावा.

बंदराच्या तोंडाशी तरंगणाऱ्या रंगीत खुणाही याच भाषेतल्या. आपल्याकडे समुद्रातून बंदरात शिरताना लाल खूण डाव्या हाताला आणि हिरवी उजव्या हाताला ठेवायची. अमेरिकेत हे उलट आहे, म्हणून तिकडच्या चित्रफिती बघून शिकू नका.

आपण काय करायचं

जून-जुलैच्या बंदीत बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. रंगरंगोटी होते, तारा बदलतात, आणि कधी कधी घाईत लाल दिवा उजवीकडे बसतो. गेल्या वर्षी आमच्या वाडीत दोन बोटींचे दिवे उलटे निघाले. म्हणून नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा करायला आपण जातो तेव्हाच संध्याकाळी दिव्यांची तपासणी करू या. एकीने दिवे लावायला सांगावं आणि दुसरीने बोटीला प्रदक्षिणा घालावी. बरोबर नाळेसमोर उभ्या राहिल्या की लाल-हिरवा दोन्ही दिसले पाहिजेत. एक पाऊल बाजूला झाल्या की त्या बाजूचाच दिसला पाहिजे. दोन्ही दिसत राहिले तर मधली आडोशाची फळी नीट नाही. मागे गेल्या की लाल-हिरवा दोन्ही नाहीसे व्हायला हवेत. दिव्याची लाल काच किंवा प्लास्टिक उन्हाने फिकं पडलं असेल तर बदलायला लावा. फिका लाल दुरून पांढरा दिसतो.

हौसेच्या दिव्यांचंही तेच. वेंगुर्ल्यात बचत गटाच्या बायका कांदळवनात होडीची सफर चालवतात. तशी कामं आता किनाऱ्यावर आणखी ठिकाणी बायका करतील. पर्यटकांना आवडतात म्हणून बोटीभोवती लाल-हिरव्या चमचमणाऱ्या माळा लावू नका. खऱ्या दिव्यांशी गल्लत होईल असा कुठलाही दिवा लावायला नियमाने मनाई आहे.

आणि अंगात जीवरक्षक जॅकेट. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर, भर दिवसा, इंजिनाची चाचणी चाललेली नौदलाची वेगवान बोट आदळली. माणसं पाण्यात पडली आणि अनेकांचे जीव गेले. दिवसाउजेडी, डोळ्यांदेखत असं घडतं. बोटीत बसल्यावर जॅकेट मागून घ्यायला लाजू नका. पोराला आधी, मग स्वतःला. अडचणीत तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे दोन क्रमांक फोनमध्ये आजच घालून ठेवा.

आता भांडणाचा निकाल. मामांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि दोघांनाही बोल लावला. लाँचच्या तांडेलाला म्हणाले, "तिन्हीसांजेला, खाडीच्या वळणावर, या वेळी बायका परततात हे ठाऊक असताना तू वेग का नाही उतरवलास? पहारा का नाही ठेवलास?" आणि आमच्या जावांना म्हणाले, "मधोमध का आलात? बॅटरी कोणासाठी सुकी ठेवली होती?" तांडेलाने मान खाली घातली. आता तो वळणाच्या आधी इंजिन हळू करतो आणि एक लांब भोंगा देतो. पलीकडची बोट दिसत नाही अशा वळणावर लांब भोंगा द्यावा, हाही नियमच आहे.

आमच्या दोघी जावा अजून तिसऱ्या काढायला जातात. बॅटरी आता दोरीने गळ्यात असते. सूर्य टेकला की धाकटी वल्हं मारता मारता विचारते, "वहिनी, कुठला दिसतो?" थोरली चारी बाजूंना बघून सांगते, "लाल. थांब, जाऊ दे तिला."

तुमच्या खाडीत, तुमच्या धक्क्यावर असं काही घडलं असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या बैठकीत त्यावर बोलू. आज रात्री पोरांना घेऊन धक्क्यावर जा आणि येणाऱ्या बोटींचे दिवे वाचून दाखवा. नमस्कार.